मालकाचं नाव पाटीवर, मिस्त्रीचं नाव कुठे?

बेळगावचा माणूस उद्योगाविषयी बोलायला लागला की दोन-चार वाक्यांत किर्लोस्करांपाशी येतो. येणारच. लक्ष्मणराव जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, २० जून १८६९ रोजी. १८८८ साली त्यांनी सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून ते परतले इथेच, आणि कडबा कापायचं यंत्र व १९०३ सालचा लोखंडी नांगर झाला तोही इथेच. पुढे नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आपल्या वेशीत राहिली असती, ही हळहळ इथल्या मराठी घरांत अजून ऐकू येते.

त्या माळावर लक्ष्मणरावांबरोबर कोण कोण होतं, हे मात्र बेळगावच्या किर्लोस्कर रोडवर उभं राहून विचारा. वसाहतीची आखणी आणि कारभार बंधू रामूअण्णांनी पाहिला. बिघडलेलं यंत्र शंभूराव जांभेकरांच्या हाताखाली गेलं की चालू व्हायचं. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या कल्पना त्यांच्या डोक्यातून निघत. कचेरी आणि हिशेब मंगेशराव रेगे सांभाळत. दरोड्याची शिक्षा झालेल्या तुकाराम रामोशीसारख्या माणसावर राखणीचं काम सोपवलेलं होतं. यातलं एखादं नाव सांगणारा तुम्हाला भेटला तर तो बहुधा साठीच्या पुढचा असेल.

लक्ष्मणरावांना पाटीवरून उतरवा, असं माझं म्हणणं नाही. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत असताना, दोन वर्षं नांगर विकला जात नसताना जो माणूस हट्टाने तेच काम धरून बसला, त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण ते श्रेय धीराचं आहे, माणसं ओळखण्याचं आहे, पैसा आणि नाव पणाला लावण्याचं आहे. एखादी अडचण सोडवण्याचं श्रेय वेगळं. ती ज्याच्या हातून सुटली त्याचं ते. ते त्याच्या नावानिशी, त्याच वेळी, कागदावर लिहिलं गेलं पाहिजे. वार्षिक समारंभात ‘हे आमच्या संपूर्ण टीमचं यश आहे’ असं म्हणून हात जोडले, की श्रेय दिलं गेलं असं मी मानत नाही. तिथेही एकाचंही नाव घेतलं जात नाही.

बेळगावसारख्या फाउंड्री आणि मशीनशॉपच्या गावाला जेम्स वॉटची गोष्ट अर्धीच सांगितली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. उरलेली अर्धी गोष्ट आपल्याच धंद्याची आहे. वाफ थंड करण्यासाठी वेगळा कंडेन्सर ठेवायचा, ही कल्पना वॉटला १७६५ मध्ये सुचली. पेटंट १७६९ मध्ये मिळालं. तरी पुढची कितीतरी वर्षं इंजिन धडपणे चालेना. अडलं होतं सिलिंडरपाशी. एवढा मोठा सिलिंडर आतून पुरेसा गोल करणं त्या काळी कुणाला जमत नव्हतं. पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून वाफ निसटायची. चिंध्या, कागद, काय काय भरून पाहिलं, फट काही बुजेना. हे कोडं सोडवलं जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने. १७७४ मध्ये त्याने तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्यानंतर त्याने सिलिंडर बोअर करायचं यंत्र केलं. त्यात बोअरिंग बार सिलिंडरच्या आरपार जातो आणि त्याला दोन्ही टोकांना आधार मिळतो. एकाच टोकाला धरलेला बार लांबीत झुकतो आणि बोअर वाकडा जातो, हे आपल्याकडच्या टर्नरला सांगावं लागत नाही. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लिहून ठेवलंय की विल्किन्सनने कोरलेल्या ५० इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीसुद्धा चूक नाही.

म्हणजे कल्पना वॉटची, पैसा आणि बाजार बोल्टनचा, आणि ते चालण्याजोगं झालं विल्किन्सनच्या बोअरिंगमुळे. त्यापुढची कडी अशी की पिस्टनची वरखाली हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलणारं ‘सूर्य-ग्रह’ गिअर बोल्टन आणि वॉटच्या नोकरीत असलेल्या विल्यम मर्डॉकच्या डोक्यातून आलं असं मानलं जातं. १७८१ चं पेटंट मात्र वॉटच्या नावाने आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात राहिली ती किटलीच्या झाकणाकडे बघणाऱ्या मुलाची गोष्ट.

आता उद्यमबागेतली, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतली, एक गोष्ट सांगतो. मी बरीच वर्षं क्वालिटीत काम केलं. एका कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतकाम, होत असे. प्रेशर टेस्टला लावलं की बोअरजवळ तेल पाझरायचं. मशीनिंग होऊन, सगळा खर्च होऊन जॉब भंगारात. ड्रॉइंग तपासलं, धातूची रासायनिक तपासणी झाली, वाळूची ओल मोजून झाली. शेवटी येळ्ळूरकडचे एक पॅटर्नमेकर (साच्यासाठी नमुना घडवणारे) होते, त्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी एक रिजेक्ट बॉडी हॅक्सॉने मधोमध कापून घेतली. कापलेला भाग घासून त्यांनी उजेडात धरला आणि अंगठ्याचं नख एका ठिकाणी फिरवलं. बोअरच्या पाठीला जिथे जाड बॉस, म्हणजे फुगवटा, होता, तिथे नख अडकत होतं. बारीक बारीक भोकं, सुईच्या टोकाएवढी.

मामा म्हणाले, “हितं जाड हाय, म्हणून हे शेवटाला गार होतंय. गार होताना आकसतंय, आणि भर घालायला रस कुठनं येणार? डिझाईन बरोबर हाय, खरं रसाला ते कळाय पायजे न्हवं. ह्येलाच आधी गार करूया की.”

त्यांनी वाळूच्या साच्यात त्या जाड भागाला चिकटून बिडाचा एक तुकडा बसवला. फाउंड्रीत त्याला चिल म्हणतात. ओतलेल्या धातूची उष्णता तो तुकडा झटकन ओढून घेतो. जाड भाग आधी गोठतो आणि गोठताना लागणारा रस त्याला शेजारून मिळतो. गोठताना जादा रस पुरवणारा रायझरही त्यांनी थोडा सरकवला. पाझर थांबला.

त्या सुधारणेच्या कागदावर शेवटी काय लिहिलं गेलं? ‘उपाय: चिलचा वापर. कार्यवाही: मेथड्स विभाग.’ त्या वर्षीचं प्रशस्तिपत्र विभागप्रमुखांना मिळालं. तो माणूस वाईट नव्हता. सत्काराच्या भाषणात त्याने ‘माझ्या सर्व सहकाऱ्यांचे’ आभार मानले. मामा मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. पुढे ते निवृत्त झाले. काही काळाने पॅटर्न झिजला, नवा करून घेतला, आणि नव्या पॅटर्नवर चिलची जागाच नव्हती. हा तुकडा इथे का ठेवायचा हे कुणाला विचारायचं तेच ठाऊक नव्हतं. पाझर पुन्हा सुरू झाला आणि पहिल्यापासून सगळी तपासणी पुन्हा झाली. कागदावर ‘मेथड्स विभाग’ऐवजी एक नाव असतं, तर येळ्ळूरपर्यंत स्कूटर काढायला अर्धा तास पुरला असता.

त्यामुळे श्रेयाचा प्रश्न हा मानापमानाचा, रुसव्याफुगव्याचा प्रश्न आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नाव पुसलं की त्याबरोबर कारणही पुसलं जातं. कुणी केलं हे ज्या कारखान्याला माहीत नाही, त्याला का केलं हेही फार काळ माहीत राहत नाही.

जपानमधलं निळ्या एलईडीचं प्रकरण या बाबतीत फार शिकण्यासारखं आहे, कारण त्यात कुणालाच सरळसोट खलनायक करता येत नाही. शुजी नाकामुरा हे निचिया या कंपनीत नोकरीला होते. संस्थापक नोबुओ ओगावा यांनी त्यांच्या भरवशावर मोठी रक्कम लावली. पुढच्या अध्यक्षांनी काम थांबवायला सांगितलं तरी नाकामुरा थांबले नाहीत. १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बाजारात आला. आज घरोघरी जे पांढरे दिवे आहेत ते बहुतेक या निळ्या प्रकाशावरच उभे आहेत. शोधाबद्दल कंपनीने त्यांना दिले २० हजार येन. नाकामुरांनी कंपनी सोडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायचा निकाल दिला, आणि २००५ मध्ये तडजोड झाली सुमारे ८४ कोटी येनवर. २०१४ चं नोबेल त्यांना मिळालं, पण एकट्याला नाही. निळ्या एलईडीला लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक आधी करून दाखवणारे नागोयाचे इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो हेही त्यात होते. आणि नाकामुरांच्याच शोधनिबंधांवर मुकाई, सेनोह या सहकाऱ्यांची नावं आहेत, ती आपण कुणी घेत नाही.

यात मला ओगावांचा वाटा छोटा वाटत नाही. गावाकडच्या एका कंपनीच्या मालकाने एका नोकराच्या हट्टावर एवढा पैसा लावणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडच्या किती कारखानदारांनी तसं केलं असतं? पण पैसा लावणाऱ्याला कंपनीची मालकी आणि तिचा नफा मिळाला. मालकीचा मोबदला घेऊन झाल्यावर शोधाची कीर्तीही त्याच खात्यात जमा करायची, हे काही मला पटत नाही.

इथे धोक्याचा मुद्दा पुढे येतो, आणि तो खरा आहे. आमच्या भागातले बहुतेक लहान कारखाने घर गहाण ठेवून उभे राहिलेत. ऑर्डर थांबली तर कामगाराचा पगार मागेपुढे होतो, मालकाचं घर जातं. हे मी जवळून बघितलंय. पण धोका फक्त मालकाच्या खात्यावर लिहायचा का? वितळलेल्या धातूची लॅडल धरून चालणारा धोका पत्करतो. मंदीत पहिल्यांदा घरी बसवला जाणारा कंत्राटी माणूस धोका पत्करतो. त्याचा धोका ताळेबंदात दिसत नाही, एवढाच फरक.

या दोन खात्यांची सवय आपल्याला शेतीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. कर्नाटकातल्या पहाणीत, म्हणजे सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या उताऱ्यात, मालकाचा रकाना वेगळा आणि कसणाऱ्याचा वेगळा. मालकाचं नाव लिहिलं म्हणून कसणाऱ्याचं लिहायचं नाही, असं तलाठ्याने कधी म्हटलं नाही. १ मार्च १९७४ पासून सुधारित जमीन सुधारणा कायदा लागू झाला आणि कुळं ट्रिब्युनलपुढे अर्ज घेऊन उभी राहिली, तेव्हा ज्याचं नाव कसणाऱ्याच्या रकान्यात होतं त्याच्या हातात पुरावा होता. ज्याचं नाव तोंडीच राहिलं होतं, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षींवर विसंबावं लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत हा इतिहास आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळतो. कारखान्याच्या कागदात तो दुसरा रकाना अजून आलेला नाही.

कामगार नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या हातात काय पडतं ते बघा. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मोल्डर म्हणून कामास होते. वर्तन चांगले.’ बस्स. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यात तो गेला की पुन्हा पहिल्या पायरीवर. आपण काय काय सोडवलं हे तो तोंडाने सांगतो, आणि समोरच्याने त्यावर विश्वास का ठेवावा? आयटीआय झालेला मुलगा इथे टिकत नाही याची कारणं पगारात आहेतच, पण माझ्या मते थोडी यातही आहेत. दहा वर्षं डोकं चालवूनही आपलं म्हणून दाखवायला कागदाचा चिटोरा नाही, ही गोष्ट तरुण माणसाला आत कुठेतरी लागते.

जयपूर फूटचं उदाहरण आपल्याकडच्या सवयीला नेमकं बोट लावतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यचिकित्सकांनी मिळून तो पाय घडवला. भारतीय माणसाला अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असा. रबर आणि लाकूड यांच्याशी झटणारे हात शर्मांचे. सेठींनी तो रुग्णांवर पारखला, वैद्यकीय जगापुढे मांडला, त्याला मान्यता मिळवून दिली. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पद्मश्रीही मिळाली. सेठींचं काम त्या सन्मानाच्या तोलाचंच होतं. पण डॉक्टर आणि कारागीर एकत्र काम करतात तेव्हा पुरस्काराचं पत्र कुणाच्या पत्त्यावर जातं, हे आधीच ठरलेलं असतं. ज्याला इंग्रजीत निबंध लिहिता येतो तो संशोधक, ज्याला रबर हाताळता येतं तो मदतनीस. सीमाभागात ही दरी आणखी रुंद आहे. इथला पॅटर्नमेकर मराठीत विचार करतो, सुपरवायझरशी कन्नडमिश्रित मराठीत बोलतो आणि अहवाल इंग्रजीत जातो. इंग्रजी ज्याची, अहवाल त्याचा. हुक्केरीकडून आलेल्या कन्नडभाषक मोल्डरचीही गत तीच आहे, म्हणून याला मराठी-कन्नड असा रंग देण्यात अर्थ नाही. भट्टीपाशी एकाच लॅडलच्या दोन टोकांना दोघं उभे असतात आणि कागदावरून दोघंही सारखेच गायब असतात.

हे बदलता येत नाही असं नाही. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या खोक्याच्या आतल्या बाजूला ते बनवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या होत्या. त्या १९८२ मध्येच गोळा केल्या होत्या, आणि त्या घेतल्या स्टीव्ह जॉब्सच्या सांगण्यावरून. म्हणजे ज्याच्या नावाची आज जगभर पूजा चालते त्यालाही हे कळत होतं. बाहेरून बघणाऱ्याला त्या सह्या दिसत नव्हत्या, हाही भाग खराच. अलीकडचं सांगायचं तर आजचे चॅटबॉट ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभे आहेत, ती २०१७ मध्ये गुगलशी निगडित आठ जणांनी मांडली. त्या निबंधाच्या पहिल्याच पानावर तळटीप आहे: सगळ्यांचं योगदान समान, नावांचा क्रम कसाही लावलेला, आणि कुणी नेमकं काय केलं ते त्याखाली ओळीने. चार वाक्यांचं काम. टीव्हीवर मात्र एआयची चर्चा सुरू झाली की पडद्यावर दोन-तीन कंपनीप्रमुखांचेच चेहरे फिरत राहतात. तळटीप कितीही चांगली असली तरी बातमी देणाऱ्याने ती वाचायला हवी, त्याला काही इलाज नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम २८ मध्ये, शोध लावणाऱ्याचं नाव पेटंटवर नमूद करून घेण्याची सोय आहे, पण त्या नोंदीने हक्क मिळत नाही असंही तिथेच म्हटलंय. जर्मनीत १९५७ पासून कायदाच आहे की नोकराचा शोध मालकाने वापरायला घेतला तर त्याला रास्त मोबदला द्यायचा. आपल्याकडे तसा कायदा झाला तर मी स्वागतच करीन. पण उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये जे सुचतं त्यातलं बहुतेक पेटंटपर्यंत जातच नाही. चिल कुठे ठेवायचा, जॉब पकडायचं फिक्स्चर कसं उलटं बसवलं की एक सेटिंग वाचतं, कापायचा इन्सर्ट कोणत्या कोनात धरला की कडेला बर (धातूची खरखरीत धार) येत नाही, या गोष्टींचं पेटंट कुणी काढत नाही. आणि कास्टिंगचा दर्जा याच गोष्टींवर ठरतो.

म्हणून माझी मागणी अगदी खालच्या पातळीची आहे. प्रत्येक पॅटर्नचं एक कार्ड असतंच. त्यात काय बदललं, कधी बदललं हे लिहितात. तिथे आणखी एक रकाना घाला: सुचवलं कुणी. विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचं पाहिजे, आणि दोघांनी मिळून काढलं असेल तर दोघांचं. नोकरी सोडताना त्या कार्डांवरच्या नोंदी अनुभवाच्या दाखल्यात उतरवा. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच गावात आहे, १९९८ पासून. कारखान्यात प्रोजेक्टला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मार्गदर्शकाच्या नावाखाली ज्या मिस्त्रीने त्यांना लेथ दाखवला त्याचंही नाव लिहायला लावता येईल. त्यासाठी कुलगुरूंच्या आदेशाचीही गरज नाही, विभागातल्या एका प्राध्यापकाने ठरवलं तरी पुरे.

हे मी कारखानदार मित्रांपुढे मांडलं की उत्तर ठरलेलं येतं: “नाव लिहिलं की शेजारचा दोन हजार जास्त देऊन उचलून नेतो.” ही भीती मला समजते, पण ती खरी नाही. उद्यमबागेत कुठल्या शेडमधला कुठला सेटर हुशार आहे, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. शेजारच्या मालकाला तर ते तुमच्याआधी कळतं. ज्यांना कळत नाही ते वेगळेच आहेत: त्याला घरासाठी कर्ज नाकारणारा बँक मॅनेजर, त्याच्या मुलाला ‘बाबा काय करतात’ विचारणारी बाई, आणि तुमच्यानंतर गादीवर बसणारा तुमचाच मुलगा, ज्याला आपल्या कारखान्याचा माल चांगला का निघतो हे ठाऊक नाही. माणूस जायचा असेल तर नाव लपवूनही जाणारच. मग जाताना त्याने काय केलं होतं, एवढं तरी तुमच्या कार्डावर राहू द्या.